पहिलं माप

"आपली भाषा लुटारूंची यंत्रंही बोलतात," वस्तीची प्रमुख बंदूक रोखून म्हणाली. "तुम्ही पृथ्वीवरच्याच, हे कशावरून?"

व्यापारी सगुणाबाई ज्वारी घेऊन तारे ओलांडत आल्या होत्या. यानात परतीचं इंधन नव्हतं. त्यांनी वाद घातला नाही. पोतं सोडलं, पितळी अधोली भरली आणि सवयीने मोजायला बसल्या. पहिल्या मापाला 'एक' म्हणायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

"लाभ," म्हणत त्यांनी अधोली रिती केली.

प्रमुख बाईचा चेहरा बदलला. पृथ्वीशी संबंध तुटून तीनशे वर्षं झाली होती, तरी वस्तीवर मोजणी अजून याच शब्दाने सुरू व्हायची. तिने बंदूक खाली ठेवली, सगुणाबाईंसमोर बसली आणि अधोली स्वतः भरली.

"दोन," ती म्हणाली.

तिसरं माप अख्ख्या वस्तीने एका सुरात मोजलं.