बारावी खुर्ची

"मावशी, या गुरुवारी तुम्हीही बसा. बारा पुरुष भरत नाहीत," फादर म्हणाले, तेव्हा माझा कानांवर विश्वास बसेना.

येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पवित्र गुरुवारी आमच्या बेटावरच्या चर्चमध्ये फादर बारा पुरुषांचे पाय धुतात. त्यासाठी गोड्या विहिरीचं पाणी लग्न झाल्यापासून मीच आणत आले. बायकांचे पाय का धूत नाहीत, असं एकदा नवऱ्याला विचारलं, तर तो हसला होता. "तुझे पाय धुवायला एवढा समुद्र आहे की!" आता तो नाही. तरुणही कामासाठी खाडीपलीकडे गेलेत.

गुरुवारी मी टाचा दगडाने घासल्या, ठेवणीतलं लुगडं नेसले आणि बाराव्या खुर्चीवर बसले. फादरांनी घागर उचलली. ती रिकामी होती. सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

"मावशी, पाणी?"

मी उठले आणि अनवाणीच विहिरीवर गेले.

परतले तेव्हा फादरांना बेटावर घेऊन येणारा होडीवाला माझ्या खुर्चीवर पँट दुमडून बसला होता. "मावशी, फादरच म्हणाले, बस म्हणून. आणि तुमचे पाय बघा की, चिखलाने भरलेत!"

खरंच भरले होते. नेहमीसारखी मी पाणी ओतत गेले, फादर धूत गेले. शेवटी होडीवाल्याचे पाय पुसून त्यांनी ओला टॉवेल माझ्या हातात दिला.

"मावशी, तेवढी फरशी पुसून घ्या. कुणी घसरायचं."