दाजीचं पान

चोपन्न सालच्या भाद्रपदात जुने मठ आणि गावं बघायला मी पनवेलहून मोटार ठरवली. तिसऱ्या मठाच्या वाटेवर ड्रायव्हर दाजी म्हणाला, “सायेब, थितं माजी आय ऱ्हाते. आंदली हाय. ती मना जगन म्हनंल, तुमी माजं नाव काडू नका.” जगन त्याचा धाकटा भाऊ, हे त्याने गाडी चालवता चालवता सांगितलं. उधाणाच्या भरतीच्या दिवशी खाडीचा बांध राखायची पाळी दाजीची होती. तो जत्रेला गेला, म्हणून जगन गेला आणि फुटलेल्या बांधाबरोबर वाहून गेला. आईचा जीव जगनवर. दाजीने तिला उलटंच सांगितलं: मेला तो दाजी, वाचला तो जगन. मठाच्या ओट्यावर म्हातारी वाटच बघत होती. सर्वपित्री अमावास्या होती. “जगन, दाजीचं पान ठेव,” ती म्हणाली. दाजीने स्वतःच्या नावाचं पान उचललं आणि पिंपळाखालच्या दगडावर नेऊन ठेवलं. फांद्यांवर कावळे होते. एकही खाली येईना. “कावला शिवला का रं?” “नाय.” “तीन वरसं झाली. कशात जीव अडकलाय त्याचा?” ऊन डोक्यावर आलं. खिरीवर माशा बसल्या. शेवटी दाजी दगडाजवळ वाकला आणि अगदी हळू म्हणाला, “जगन, आयेला मी हाय.” लगेच कावळा उतरला. त्याच्या पंखांचा आवाज ऐकून म्हातारी उठली, चाचपडत दगडापर्यंत आली आणि तिने माझ्या ड्रायव्हरचं मनगट धरलं. “चल दाजी,” ती म्हणाली, “आता तू जेव.”