रिकाम्या पोटी

आकडा या वेळी खाली यायलाच हवा होता. तो जवळजवळ दुपटीवर गेला होता.

आहारतज्ज्ञ बाईंनी गेल्या आठवड्याचा अहवाल टेबलावर फिरवून आईपुढे सरकवला. आईने तो पाहिला, पुन्हा पाहिला. शेजारच्या खुर्चीत बसलेली पाच वर्षांची ठकी खुर्चीच्या हातावरच्या फाटक्या रेक्झिनचे पोपडे नखाने काढत होती.

ठकी जन्माला आली तीच हा दोष घेऊन. दुधात, अंड्यात, डाळीत जी प्रथिनं असतात, त्यातला एक घटक तिच्या शरीराला मोडता येत नाही. तो रक्तात साचतो आणि मेंदूला पोखरतो. म्हणून तिचं खाणं काट्यावर तोलून, आणि वर तो घटक काढून टाकलेल्या प्रथिनांची एक उग्र वासाची पावडर पाण्यात कालवून. रक्तात किती साचलंय ते सांगणारा तो आकडा. घरात देवाचं नाव निघत नसेल इतकं त्याचं निघायचं. गेले काही महिने तो चढत होता, आणि ठकी ओळखता येत असलेले रंग चुकायला लागली होती. निळ्याकडे ती आता नुसतंच बघत राहायची.

कुणी चोरून काही देतं का, असं बाईंनी मागे विचारलं होतं. आईने त्याचा सोक्षमोक्ष लावला होता. एका संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात पदराने ठकीचं तोंड पुसताना सापडल्या. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, दुधाचा थेंब दिला नाही, असं म्हणाल्या.

"त्या डोक्याचंच तर वाटोळं करताय तुम्ही," आई म्हणाली होती.

नवऱ्याने तेव्हा वर्तमानपत्र खाली केलं नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंची पिशवी भरली गेली आणि त्या नणंदेकडे गेल्या.

"आता घरात आम्ही तिघंच आहोत, मॅडम," आई म्हणाली. "आता कोण देणार?"

बाईंनी रोजचं खाणं विचारलं. आईने सगळं घडाघडा सांगितलं. ग्रॅमचीही चूक नव्हती. बाई मान हलवत ऐकत राहिल्या. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आणि काल?"

आईचा चेहरा पहिल्यांदाच थोडा उजळला. काल काहीच नाही, ती म्हणाली. परवाही नाही. पाणी आणि सफरचंदाच्या चार फोडी. पावडरसुद्धा बंद, शेवटी तीही प्रथिनंच. रडते, हातापाया पडते, पण आपण विरघळत नाही.

"तुम्हीच सांगितलं होतंत ना, रक्त द्यायला रिकाम्या पोटी आणा. मी म्हटलं, एका रात्रीने काय होणार? परीक्षेच्या आधी कसं, जरा जास्तच घासून घ्यावं."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. हे कधीपासून, असं त्यांनी विचारलं. आकडा पहिल्यांदा चढला तेव्हापासून, आई म्हणाली. आधी महिन्यातून एकदा करत होतो. मग तुम्ही तपासणी दर आठवड्याला लावलीत.

ठकीने आणखी एक पोपडा काढला.

"हो," बाई म्हणाल्या. "आम्हीच लावली."

मग त्यांनी खुर्ची टेबलाला वळसा घालून आईजवळ ओढली. "ताई, उपाशी शरीर गप्प बसत नाही. ते स्वतःचंच मांस मोडायला काढतं. तेही प्रथिनच. तुम्ही दूध दिलं नाहीत, अंडं दिलं नाहीत. ते दोन दिवस ही स्वतःलाच खात होती."

आईला ऐकू आलं होतं, आत उतरत नव्हतं. मग ती एकदम ठकीकडे वळली. "आजी तुला काय द्यायची गं? खरं सांग. मी ओरडणार नाही."

ठकीने आधी दाराकडे पाहिलं. "साखर," ती म्हणाली. "मुठीत. आईला सांगायचं नाही."

"दूध?"

ठकीने मान हलवली. नाही.

"साखरेने आकडा चढत नाही," बाई हलकेच म्हणाल्या. "उपाशी शरीराला ती मिळाली तर मांस कमी मोडतं." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. अहवालावर शेवटचे दोन आकडे एकाखाली एक होते. एक सासूबाई घरात असतानाचा, एक त्या गेल्यानंतरचा. आईने कागद उलटा करून ठेवला.

"रंग," ती म्हणाली. "ते परत येतील ना?"

बाई उठल्या. आज रक्त घ्यायचं नाही, आधी हिला खाऊ घालायचं, असं म्हणत त्यांनी खण उघडला. अशा मुलांसाठीच त्या तिथे वेगळी बिस्किटं ठेवत. त्यांनी पुडा फोडला. ठकीचं नख थांबलं.

बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "भूक लागली का गं, बाळा?"

ठकीने बिस्किटांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. दर आठवड्याला बोटात सुई टोचून झाली की बाहेरच्या बाकावर बसून आई तिचा डबा उघडायची. ठकीला नियम माहीत होता.

तिने डोळे घट्ट मिटले आणि बोट पुढे केलं.