दिव्याआड

दिवेलागण होऊन तास उलटला, तरी मुरारी जेवायला उठला नाही. ओट्यावर बसून तो दरीपलीकडच्या डोंगरावरच्या एकुलत्या दिव्याकडे बघत होता. तिथे त्याची बहीण येसूबाई राहायची. त्या वाडीतली बाकीची घरं मुंबईला गेली होती.

रोज या वेळी ती म्हैस बांधायला जाई. जाताना दिवा तिच्याआड क्षणभर लपे, परतताना पुन्हा एकदा. दुसऱ्यांदा लपला, की मुरारी ताटावर बसे.

"आज ती हलली नाय गो."

रूपाली त्याच्याशेजारी येऊन बसली. ही त्याची मुलगी, चार दिवसांसाठी पुण्याहून आली होती. दूरच्या ताऱ्यांचे ग्रह शोधणं हे तिचं काम.

"बाबा, आम्हीही हेच करतो. ग्रह दिसतच नाही. तो ताऱ्यापुढून गेला, की उजेड शंभरातला एक भाग कमी होतो. तेवढ्यावरून ओळखायचं."

"आन् नाय झाला कमी, तर?"

"थांबायचं. आपली नजरही चुकलेली असू शकते."

"किती दिस?"

"आत्ताच्या ताऱ्याला दोन वर्षं झाली."

"तुज्या ग्रहाला गुडघं नसतात," मुरारी म्हणाला. "येशी परवाच पायरीवरनं पडलीवती."

त्याने बॅटरी आणि काठी घेतली. रूपाली उठायला लागली, तसं त्याने तिला खाली बसवलं.

"तू इथंच ऱ्हा. तिकडं फोन लागत नाय. मानसं लागली, तर मी दिवा इजवीन. मग शेजारी अक्षयच्या घरी सांग. डोली घेऊन या म्हनावं."

बॅटरीचा ठिपका उतरणीला लागला आणि झाडीत गेला. नंतर नुसता समोरचा दिवा राहिला. तो जराही हलत नव्हता. रूपालीने मापं घेताना असा स्थिर उजेड कितीदा पाहिला होता. तेव्हा ती चहा प्यायला उठत असे. आज तिने पापणीही लववली नाही.

सव्वा तासाने दिवा दिसेनासा झाला.

कुणी आडून गेलं असेल. बाबा पोचले असतील. माणूस दिव्यापुढून जायला दोन क्षण पुरतात. ती मनात मोजू लागली.

सातपर्यंत मोजलं, तरी दिवा पुन्हा दिसला नाही, तशा तिने अंधारात चपला चाचपल्या.