मॅडमच्या हाताची कॉपी

सर्जरीच्या प्रॅक्टिकलला सगळा वर्ग रबरी कातडीवर टाके घालत होता. फिरता फिरता डॉ. शुभदा कारखानीस ओजस ठोंबरेपाशी थबकल्या. त्याची सुई थरथरत होती.

"घाबरलास काय रे?"

"नाही मॅडम. सकाळपासून अंगठा आपोआप हलतोय."

त्यांनी मान वर केली. शेजारच्या मुलीचाही अंगठा हलत होता. तिच्या पलीकडच्याचाही. अख्ख्या वर्गाचे उजवे अंगठे एकाच तालात थरथरत होते.

"टाक्यांचं कसब मेंदूत भरून घेतलंत ते लायसन्स काढून, की चोरून?"

ओजस म्हणाला, "मॅडम, तुमच्या हाताचं मूळ रेकॉर्डिंग हॉस्टेलवर फिरतंय. काल सगळ्यांनी तेच भरून घेतलं. फुकट मिळताना लायसन्स कोण काढतं? आणि नुसती कॉपी तर केली. तुमचं त्यात काय गेलं?"

"लायसन्सच्या प्रतीतून हाताचे दोष काढून टाकलेले असतात. मूळ रेकॉर्डिंगमध्ये हात जसा आहे तसा, दोषांसकट येतो," बाई म्हणाल्या.

"पुसून टाकतो ना आम्ही," ओजस घाईघाईने म्हणाला.

"एकदा हातात उतरलेलं पुसता येत नाही. लायसन्सचा नियम त्यासाठीच होता, गाढवांनो!"

"पण बरं तर होतं ना हे?"

वर्षभर कुणालाही न दाखवलेला उजवा हात बाईंनी ॲप्रनच्या खिशातून बाहेर काढला. अंगठा वर्गाच्याच तालात हलत होता.

"नाही होत," त्या म्हणाल्या.