मराठीसाठी दोन दाबा

शिकलेलं माणूस कितीही लांब गेलं तरी हाकेच्या अंतरावर असतं, असं ज्योत्स्नाच्या सत्कारात सरपंच म्हणाले होते. ते खरंही होतं. फक्त हाक मारण्याआधी मराठीसाठी दोन आणि तक्रारीसाठी तीन दाबावं लागे.

गडचिरोलीच्या दवाखान्यात, वॉर्डाच्या दाराशी भिंतीला टेकून कमळा तेच दाबत बसली होती. आत खाटेवर तिचा नवरा रामाजी होता. ज्यांना बोलवायचं त्यांना आजच बोलवा, असं डॉक्टर सकाळी सांगून गेले होते.

बोलवायची एकच होती, मुलगी ज्योत्स्ना. ती पुण्यात एम.बी.ए. करत होती. इंटर्नशिपसाठी कॉलेजनं तिला टीव्हीच्या डिशच्या एका कंपनीत बसवलं होतं. तिथं फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या. सकाळी कॉलेज, दुपारी कंपनी, रात्री प्रोजेक्टचा ग्रुप आणि उरलेल्या वेळात घर. उरलेला वेळ अजून सापडला नव्हता. कंपनीत शिरताना स्वतःचा फोन लॉकरमध्ये ठेवावा लागे. पण विदर्भातले मराठी कॉल घ्यायला तिघीच होत्या, आणि कमळाच्या घरावर त्याच कंपनीची डिशची छत्री होती. लेकीचा आवाज ऐकावासा वाटला, की कमळा टीव्हीत चित्र येत नाही अशी तक्रार करी. चित्र चांगलं येत होतं.

ज्योत्स्नानं तिला बजावलंही होतं. "माय, कालेजच्या मॅडम मंधातच कॉल आयकतेत. घरचं बोलताना सापडली त मले नापास करतीन. पुरं वरस जाईन. एका पोरीचं गेलं."

आज आधी दुसऱ्याच मुली लागल्या. "तू नाई पायजे वो," म्हणून कमळानं फोन कापला. मग लागली.

"नमस्कार, मी ज्योत्स्ना. आपली काय मदत करू शकते?"

"ज्योती, तुहा बाप जाऊन राह्यला वो. डॉक्टरनं सांगतलं, आजच बलवा. निंगून ये तू."

पलीकडे कीबोर्डची कळ वाजली. मग आलं, "झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व, मॅडम. कृपया लाइनवर राहा."

आणि कंपनीची जाहिरात वाजू लागली. क्रिकेटचे सगळे चॅनल एक महिना फुकट.

फोन स्पीकरवर होता. शेजारी बसलेल्या बाईला राहवलं नाही. "केवढी गोड बोलते वो पोरगी! कोण्या मोठ्या घरची अशीन."

"माहीच होय," कमळा म्हणाली.

बाई हसली आणि पदर सारखा करून जरा लांब सरकून बसली.

रामाजीचा धाकटा भाऊ लटारू उभाच होता. "वहिनी, आता निंगाली तरी उद्या पोचन ते. भाऊ उद्यापावतर थांबते का? फोन आत ने. आवाज त आयकू दे त्याले."

जाहिरात वाजत असतानाच कमळानं फोन रामाजीच्या तोंडाशी नेला. त्यानं डोळे उघडले. क्रिकेटचं सगळं ऐकून घेतलं. फुकट म्हटल्यावर भुवई जराशी हललीसुद्धा.

"लाइनवर राहिल्याबद्दल धन्यवाद." आवाज आता जड होता, सर्दी झाल्यासारखा.

"ज्योती," रामाजी म्हणाला.

"आपलं नाव कळेल का, सर?"

कमळानं कपाळावर हात मारला. रामाजीला मात्र कळलं. पोरीची परीक्षा चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, हे तो तिच्या दहावीपासून पाळत आला होता.

"रामाजी," तो म्हणाला. "तालुका मूल."

"छत्री कुठं बसवली आहे, सर?"

"घराच्या कवेलूवर."

"समोर झाड वगैरे आहे का?"

"आंबा हाय. तुह्याच हातचा..." तो थांबला. "हाय एक."

"किती वाढलाय?"

हा प्रश्न कंपनीच्या प्रश्नांमध्ये नव्हता.

"घराच्या वर गेला."

मग तिनं सगळंच विचारलं. रिमोटचे सेल बदलले का, वारा फार होता का, तार उंदरांनी कुरतडली आहे का. रामाजी श्वास गोळा करून एकेकाचं उत्तर देत गेला. उंदरांपाशी त्याला बराच वेळ लागला. ती थांबली.

"बराबर बोलून राह्यली," तो कमळाला म्हणाला.

"आपली तक्रार नोंदवली आहे, सर." मग तिनं तक्रारीचा नंबर एकेक आकडा करून सावकाश सांगितला. "आणखी काही मदत हवी आहे का?"

रामाजीनं कमळाकडे पाहिलं, लटारूकडे पाहिलं.

"नाई," तो म्हणाला. "ठेव आता. मार्क कापतीन."

"आपला दिवस शुभ असो."

ती गेली आणि यंत्रातली दुसरी बाई बोलू लागली. आमची सेवा आवडली असल्यास पाच दाबा.

"दाब ना वहिनी," लटारू म्हणाला. "पोरीचं भलं होईन."

कमळानं पाच दाबले.

रामाजी दिवस बुडायच्या आत गेला. शिफ्ट संपवून ज्योत्स्नानं लॉकर उघडला तेव्हा तिला ते कळलं.

त्या दिवशी कॉल ऐकायला कुणी बसलंच नव्हतं. कॉलेजच्या मॅडम रजेवर होत्या. त्यांना वडिलांचे डोळे तपासून आणायचे होते.