खुशीचे दोन रुपये

"आबा, नीट टेकून बसा ना. खुर्ची पडायची नाही," देवचंद म्हणाला.

चिंधाआबा खुर्चीच्या कडेवर बसले होते. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. सत्तरी आली, पण न्हाव्याच्या खुर्चीत बसायची ही पहिलीच खेप. उद्या नातीचा साखरपुडा. बापाला एकदा तरी जळगावच्या सलूनमध्ये, आरशासमोर, चारचौघांसारखं बसवायचं, हे देवचंदनं नोकरी लागली त्या दिवशीच मनाशी धरलं होतं.

लोटननं कापड झटकून आबांच्या गळ्याभोवती बांधलं. लोटन देवचंदला फार मानायचा. न मानायला काय झालं? बाकीची गिऱ्हाइकं सुटे आठ आणेसुद्धा मागून घ्यायची आणि हा दराच्या वर रुपया ठेवून म्हणायचा, "ही तुझी खुशी." लोटन तो रुपया कपाळाला लावायचा आणि गल्ल्यात न टाकता खिशात घालायचा. मग रविवारी कितीही गर्दी असो, साहेबांना ताटकळावं लागत नसे. आठ महिन्यांत लोटननं आडनाव विचारलं नव्हतं आणि देवचंदनं सांगितलं नव्हतं. रुपयात तेवढं झाकून जात होतं.

आबांचे केस झाले. गालांना साबण लागला. एका गालावरून वस्तरा फिरलाही. लोटनचा हात चालायचा तर तोंडही चालावं लागे.

"कोनतं गाव, आबा?"

आबांनी गाव सांगितलं. भडगावच्या अलीकडचं, गिरणेच्या काठचं.

"अरे व्वा! तठे तर मना साडू शे. उखर्डू. बठ्ठा गावनी दाढी तोच करस. तुमनी बी तोच करस ना?"

देवचंद बाकावरून अर्धा उठला, पण तोवर आबा बोलून मोकळे झाले होते.

"उखर्डू? त्याना बापनी बी आमले कधी हात लावा नही, भाऊ. आमना भीमनगरमा पुना शे. तोच कापस आमना केस."

आबांनी हे कुरकुरत सांगितलं नाही. विहिरीला पाणी किती, हे सांगावं तसं सांगितलं.

वस्तरा थांबला. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. नंबर लावून बसलेल्या धनसिंगनं पेपर खाली घेतला आणि आधी आबांकडे, मग देवचंदच्या बुटांकडे पाहिलं. देवचंदला बापाचा राग आला. एवढं खरं बोलायची काय गरज होती? दुसऱ्याच क्षणी त्या रागाची इतकी लाज वाटली, की त्याला मान वर करवेना.

फेस सुकायला लागला तसा लोटननं वस्तरा पुन्हा चालवला. काम चोख केलं, कुठं ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. पण तुरटी स्वतः न फिरवता आबांच्या हातात दिली. देवचंदसोबत कुणी आलं तर त्याला चंपी ठरलेली असायची, ती झाली नाही. कापड सोडलं ते खुंटीला न लावता कोपऱ्यातल्या बादलीत टाकलं.

केस-दाढीचे आठ रुपये. देवचंदनं दहाची नोट पुढं केली.

"उरलेले ठेव. खुशी." त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला.

लोटननं नोट घेतली. गल्ल्यातून दोनची नोट काढून आरशापुढच्या फळीवर ठेवली.

"घ्या साहेब, उरलेले."

"अरे, खुशीचे आहेत ते."

"आठ झाले, आठ घेतले."

"आठ महिने घेतोयस की!"

"ते झालं ते झालं," लोटन म्हणाला आणि वळला. "या धनसिंगभाऊ, बसा."

धनसिंग उठला, पण बसेना. लोटननं खुर्चीवर ओलं फडकं मारलं, तेव्हा बसला.

देवचंद फळीवरच्या नोटेकडे बघत राहिला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत. उचलली तर लोटनचं म्हणणं कबूल केल्यासारखं, तिथंच टाकून निघावं तर हा मागून रस्त्यावर आणून देणार. चार माणसांसमोर भांडावं, कायदा काढावा, असंही मनात येऊन गेलं. पण तक्रार तरी काय लिहायची? न्हाव्यानं बक्षिसी घेतली नाही, म्हणून?

शेवटी आबांनीच नोट उचलली, तिची घडी केली आणि मुलाच्या शर्टाच्या खिशात घातली.

"चाल," ते म्हणाले.

बाहेर ऊन तापलं होतं. दोघं भाजीबाजारापर्यंत आले. आबा अधूनमधून गालावर हात फिरवत होते.

"आबा," देवचंद म्हणाला, "तुम्ही नुसतं हो म्हणाला असता तरी चाललं असतं. उखर्डूच करतो म्हणायचं. त्याला काय कळणार होतं?"

आबा थांबले. राग आलेला दिसला नाही. शाळेतून आलेल्या पोराला विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"मजुरी कोनी बी देवो, लेतस, भाऊ. खुशी आपला मानूसनीच लेतस. हाई मना ध्यानमा वनं." मग मुलाच्या तोंडाकडे नीट बघत म्हणाले, "पन मंग आठ महिना तो खुशी लेत व्हता, ती कोनाकडून लेत व्हता रे?"